खड्यांची रास

उंदीर ओळखायला असं काय लागतं, हा माझा बरीच वर्षं टिकलेला समज. जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवायचो आणि ‘मस’ प्रजातीचं माझं वर्गीकरण दोन वाक्यांत आटपायचं: घरात सापडला तो घरउंदीर, शेतात सापडला तो शेतउंदीर. पोस्टमनसारखं मी पत्ता बघून नाव द्यायचो.

सापळे लावायला पहूर गाव सोयीचं होतं. खाली वाघूरकाठची काळी जमीन, त्यात कपाशी नि ज्वारी. दक्षिणेला सरकलं की अजिंठ्याच्या रांगेचा मुरूम नि खडक. एक विद्यार्थी प्रबंधासाठी माझ्याकडे आला होता. त्याला घेऊन मी बांधाबांधाने सापळे लावले. आमिष म्हणून भाकरीचा तुकडा, त्याला शेंगदाण्याचा कूट.

मुरमाकडच्या सापळ्यांत जरा थोराड, तपकिरी उंदीर यायचे. त्यांच्या पाठीवरून उलटं बोट फिरवलं की केस टोचायचे. दिवस पावसाचे, म्हणून चिखलानं केस ताठरले असतील असं धरून मी एक उंदीर चक्क धुतला. वाळल्यावरही तसाच. मग मी निर्णय दिला: म्हातारा असेल. भिंगाखाली एक केस धरला असता तर तो चपटा, खोबणीचा काटा आहे हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. भिंग माझ्याच पिशवीत होतं.

त्याच जागी बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचलेले असायचे. “पोरं खेळली असतील,” मी म्हणालो. शेताचे मालक आप्पा शेजारी उभे होते. “सर, इथं पोरं कुठली? तो उंदीरच खडे गोळा करतो.” मी हसलो. वहीत काही लिहिलं नाही. रोज चार तास बोलायचा पगार घेणाऱ्याचं ऐकणं कमी होतं. माझं तरी झालं होतं.

दुसरी चूक आळसाची. कवट्या उकळून साफ करणं हे घाणीचं काम. प्रयोगशाळेतला सेवक कुरकुरायचा, मला ते निमित्त पुरलं. कातडी ठेवली, कवट्या टाकल्या. या प्रजातीत चाळीसएक जाती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी बाहेरून सारख्याच दिसतात. फरक असतो तो दातांत आणि हाडांत. घरउंदराच्या वरच्या पटाशीच्या दाताला आतून एक खाच असते. काटेरी केसांच्या गटात डोळ्यांवरच्या हाडाला कंगोरा असतो. काळ्या जमिनीतले सगळे शेतउंदीर मी ‘मस बूडुगा’ म्हणून लिहिले होते; ते खरोखर बूडुगाच होते, की काही ‘मस टेरिकलर’, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. दोघांचीही गुणसूत्रं ४०, फक्त त्यांची घडण वेगळी. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी तर एकट्या टेरिकलरमध्येच गुणसूत्रांचे निरनिराळे प्रकार दाखवले. मुरमातला तो काटेरी उंदीर म्हणजे ‘मस प्लॅटिथ्रिक्स’, त्याची गुणसूत्रं २६. म्हणजे ज्याला मी म्हातारा शेतउंदीर ठरवला, तो त्या घराण्यातला सुद्धा नव्हता. त्याची उपप्रजातीच वेगळी.

हे कळलं ते प्रबंध बांधणीला गेल्यावर. एका जाणकाराला तक्ते दाखवले. त्यांनी फारशी टीका केली नाही. एवढंच विचारलं, “कवट्या कुठे आहेत?” आणि थोड्या वेळाने, “बिळाशी खडे होते का?” माझा विद्यार्थी माझ्याकडे बघत होता. मी तक्त्याकडे.

कातड्यांचं तरी काही करता येईल म्हणून कपाट उघडलं, तर निम्मी कसरीने खाल्लेली. औषध लावण्यातही मी हात राखला होता. ‘शेतउंदरांची संख्या’ हे अख्खं प्रकरण काढावं लागलं. मुलाचं वर्ष गेलं. घरी कापूस आठ दिवस उशिरा विकला तर बोलणी खाणाऱ्या घरातला तो मुलगा. वर्ष गेलं म्हणजे काय, हे मी त्याच्या वडिलांपुढे बसून ऐकलं आहे.

यात लाज वाटावी असा आणखी एक तपशील आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा पहिला अहवाल खानदेशाचा निघाला. गोळा करणारे क्रम्प, अभ्यासणारे निवृत्त वनाधिकारी रॉटन. त्याच रॉटन यांनी १९१२ साली आमच्या शेजारच्या बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या नमुन्यावरून ‘मस फिलिप्साय’ ही काटेरी जाती नव्याने नोंदवली. कातडीबरोबर कवटी, कवटीबरोबर चिठ्ठी, ही शिस्त त्या मंडळींची होती. हे सगळं मी दरवर्षी वर्गात सांगायचो. परीक्षेत त्यावर टीप विचारायचो.

मुलाने पुढच्या हंगामात एकट्याने काम उभं केलं. आप्पांच्या शेतापासून सुरुवात केली, खड्यांच्या राशी मोजल्या, कवट्या स्वतः उकळल्या. प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावर पहिलं नाव आप्पांचं होतं. माझं चौथं, टंकलेखकाच्या आधी.