हातांना आठवतं

‘म्हातारीची स्मरणशक्ती गेली,’ असं एका दमात म्हणून आपण मोकळे होतो. स्मरणशक्ती म्हणजे जणू एकच कोठार. त्याला कुलूप बसलं की सगळं संपलं. मेंदूचं शास्त्र मात्र तसं सांगत नाही.

1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाचं फेफरं थांबावं म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढून टाकला. फेफरं कमी झालं, पण अर्ध्या तासापूर्वी काय जेवलो, तेही त्याला सांगता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याला वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय. हात मात्र दिवसागणिक सफाईने चालू लागला. घडलेलं लक्षात ठेवणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं, हे त्यातून कळलं. हाताच्या कसबाची भिस्त बेसल गँग्लिया आणि अनुमस्तिष्क या भागांवर असते. अल्झायमर मात्र सुरुवातीलाच हिप्पोकॅम्पसला गाठतो. म्हणून घडलेलं पुसलं जात असतानाही हाताचं वळण बरेचदा टिकून राहतं.

हेच सांडोर गावात आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मावशींकडे दिसतं. त्यांचा उभा जन्म मोगरा खुडण्यात आणि गजरे करण्यात गेला. आता त्या लेकीला बहीण समजतात, तासाभरात चारदा चहा मागतात. पण समोर कळ्यांची पाटी आणि भिजवलेला केळीचा सोप ठेवला, की दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठाला देठ, अंगठ्याखाली फास, असा गजरा सरसर पुढे सरकतो. मध्येच कुणी ‘हे कुठे शिकलात?’ विचारलं, तर त्या गोंधळून बघतात. बोटं थांबत नाहीत.

आजार वाढला की हेही जाईल, हे घरचे जाणून आहेत. तोवर सूनबाई रोज सकाळी पाटी पुढ्यात ठेवते. आपण बहुतेक जण उलट करतो. ‘आता आराम करा’ म्हणत म्हाताऱ्यांच्या हातून विळी, सुई, खुरपं काढून घेतो आणि येता-जाता ‘सांगा बघू, मी कोण?’ अशी परीक्षा घेतो. जे हरवलंय त्याचीच रोज विचारणा कशाला? परीक्षा थांबवा, आणि झेपेल तोवर त्यांचं काम त्यांच्या हाती राहू द्या.