पाणवेली आणि पाहुणे पक्षी



चातुर्मास संपून साधू-साध्वीजींचा विहार सुरू होतो, त्याच सुमारास भाईंदरच्या खाडीवर कुरव पक्ष्यांचे पांढरे थवे येतात. त्या ओढीनेच गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवा संगमावरील हा जलाशय २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला.

काठाशी काही मजूर पाणवेली ओढून काढत होते. चातुर्मासात पालेभाजीही वर्ज्य करणाऱ्या माझ्या पत्नीने विचारले, “अहो, एवढे हिरवे उपटायचे, ही हिंसा नव्हे का?” मला चटकन उत्तर सुचले नाही.

पाणवेल, म्हणजेच जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतील. शोभेच्या फुलांसाठी ती आपल्या देशात आणली गेली. सांडपाण्यावर ती पोसते आणि अनुकूल स्थितीत सुमारे २ आठवड्यांत दुप्पट होते. बँकेत आयुष्य गेल्याने चक्रवाढीचा अर्थ मला ठाऊक आहे: आज निम्मे झाकलेले पाणी पंधरवड्यात पूर्ण झाकले जाते. मग खाली प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या थापट्या आणि तलवार बदकांना उतरण्यापुरते उघडे पाणीही उरत नाही.

परंतु दुसरी बाजूही आहे. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी याच पानांवर वावरतात व पावसाळ्यात अशाच आडोशाला घरटी करतात. म्हणून घरटी रिकामी झाल्यावर, पण पाहुणे येण्यापूर्वी, विषारी फवारणी न करता पाणवेल काढावी. काठाचा थोडा पट्टा राखावा. ढिगात अडकलेले जीव पाण्यात सोडावेत. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टळत नाही; यतना मात्र त्याच्या हाती असते.

परतताना मी हे सारे पत्नीला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “ते पटले. पण ही वेल पोसली कोणी? सांडपाणी तर माणसांचेच ना?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. जीवदयेसाठी आपण दाणे घालतो, कुरवांना गाठिया टाकतो. मात्र आपल्या इमारतीचे सांडपाणी शुद्ध होऊन बाहेर पडते की तसेच खाडीला मिळते, हे मी कधी पाहिले नव्हते. आता सोसायटीच्या प्रत्येक सभेत तो प्रश्न मी विचारतो.