हाई सनई कोन वाजाडस?

कानबाईची गाणी एकदा ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, असे आम्हा दोघांच्या मनात फार दिवसांपासून होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, रात्री बाया गातात आणि सोमवारी विसर्जन होते. आमच्यापैकी एक जळगावला मराठी शिकवतो, दुसरा धुळ्याला. तंत्राच्या बाबतीत दोघेही सारखेच अडाणी. तेव्हा एका विद्यार्थ्याला हे काम सांगितले. त्याने आपल्या आजीची चार गाणी मोबाइलवर घेतली आणि आठवड्याभरात संगणकावर 'सजवून' आणली. प्रत्येक कडव्यानंतर सनई वाजत होती.

ही सनई कुठून आली, ते त्याने पडद्यावर दाखवले. सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये ध्वनी घडवावा लागतो. मूळ लहर कोणती घ्यावी, स्वर झटक्यात उमटावा की सावकाश, किती रेंगाळावा, त्याची धार किती बोथट करावी, अशा अनेक निर्णयांची मांडणी नाव देऊन जपली की तो 'प्रीसेट' होतो. पूर्वी वादक बटणांच्या खुणा कागदावर टिपून ठेवत. १९७८ च्या 'प्रॉफेट-५' या वाद्याने त्या स्वतःच्या स्मृतीत साठवल्या. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या 'डीएक्स ७' वर ध्वनी घडवणे इतके किचकट होते की बहुतेकांनी कारखान्यातून आलेलेच ध्वनी वापरले. त्यातला इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या कितीतरी इंग्रजी प्रेमगीतांत ऐकू येतो.

१९९१ साली 'जनरल मिडी' या प्रमाणकाने १२८ ध्वनींची क्रमवार यादी ठरवली. तिच्यात १०५ ते ११२ या आठ जागा 'एथनिक' वर्गाच्या: सतार, बँजो, शामिसेन, कोतो, कलिंबा, बॅगपाइप, फिडल आणि शेवटी 'शनाई'. त्यात तबलासुद्धा नाही, मग संबळ किंवा साक्रीकडच्या डोंगरपट्ट्यातली पावरी कुठली असणार! आज विकत मिळणारे संग्रह कितीतरी मोठे आहेत. तरीही "मंगल काहीतरी हवे" म्हणून शोधणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याच्या हाती सनईच लागली.

आजीने ते सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "हाई सनई कोन वाजाडस?" कोणीच वाजवत नाही, हे तिला समजावणे आम्हाला जमले नाही. मग ती म्हणाली की तिसऱ्या गाण्यातला आवाज तिचा वाटत नाही. ते खरे होते. तिचा स्वर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये रेंगाळतो. विद्यार्थ्याने तो ओढून जवळच्या पट्टीवर बसवला होता. मूळ मुद्रण मागितले, तर मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून ते त्याने पुसले होते.

आम्हाला राग आला. पण 'मूळ जसेच्या तसे ठेव' असे त्याला आम्ही कधी सांगितलेच नव्हते. शिवाय आमच्या वर्गात तरी दुसरे काय चालते? बहिणाबाईंची कविता आली की 'साध्या भाषेतील जीवनाचे तत्त्वज्ञान' हा तयार ध्वनी आम्ही वाजवतो आणि उत्तरपत्रिकांतून तोच परत ऐकतो. तयार साच्याचे आम्हाला वावडे नाही. ओवी हाही पिढ्यान्‌पिढ्यांचा तयार साचाच. बहिणाबाईंनी त्यात आपले शेत, आपले घर आणि आपली बोली भरली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्याच बोलीत. टिपून घेणाऱ्यांनी ती प्रमाण मराठीच्या पट्टीवर बसवली असती, तर आज आमच्या हाती काय राहिले असते?

विद्यार्थी खजील झाला आहे, आणि आम्हीही. ही गाणी अवेळी म्हणायला आजी तयार नाही. पुढच्या श्रावणात म्हणेन, असे तिने कबूल केले आहे. तिचे वय पाहता आम्ही श्रावणापर्यंतचे महिने मोजतो आहोत. निघताना तिने नातवाला एवढेच बजावले, "त्या सनईवालाले बलावू नको."