शिळेचा फैसला

सालेकसा तालुक्यातील शाळकरी मुलांसाठी कचारगडच्या गुहेवर आम्ही एक शब्दखेळ रचला, त्यात खेळणाऱ्याने आपली कृती मराठीत लिहावयाची आणि संगणकाने तिचा परिणाम सांगावयाचा. विल क्राउथरने १९७६ च्या सुमारास केंटकीतील गुहेवरून रचलेल्या आणि डॉन वूड्सने १९७७ साली वाढविलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’चीच ही परंपरा; मात्र तिथे एकदोन शब्दांची आज्ञा चाले आणि ३५० गुणांतील प्रत्येक गुण कशाचा, हे कर्त्याने आधीच ठरविलेले असे. आमची मुले मनास येईल ते लिहिणार, म्हणून गुणदानाचा अखत्यार एका बॉटकडे सोपविला होता.

गुहेच्या मुखावरील शिळेपाशी एका गोंड मुलीने लिहिले, ‘मी किंगरी वाजविते.’ निकाल आला, ‘वाद्याने शिळा हलत नाही. कृती अप्रस्तुत. गुण शून्य.’ तिने ‘जोराने वाजविते’ असे लिहिले, पुन्हा शून्य. मग तिने ‘हिरासुका किंगरी वाजवितो’ असे लिहिले, तर उत्तर आले, ‘असे पात्र या खेळात नाही.’ शेजारच्या मुलाने सुरुंग लावला, त्याला मात्र पुरे दहा गुण! माघ पौर्णिमेस ‘जय सेवा’च्या घोषात ज्या कचारगडावर दूरदूरचे गोंड बांधव जमतात, तिथली कथाच अशी की, कोंडलेल्या मुलांना हिरासुका पाटालीराच्या किंगरीने बळ आले, शिळा हटली आणि तो स्वतः तिच्याखाली चिरडला गेला. त्या स्थानी, त्या कथेच्या वारसदार मुलीस, तीच कथा अप्रस्तुत ठरविणारा हा हुकूम, आणि त्यावर दाद मागण्यास जागा नाही, हे मला आजही सहन होत नाही.

मी ती कथा बॉटच्या सूचनांत घातली, तेव्हा तो इतका नमला की बासरीला, ढोलाला, साध्या शिट्टीलाही तो गुण देऊ लागला. त्याने ऐकावे अशी माझी इच्छा होती. पण सर्वांचेच ऐकणाऱ्याच्या फैसल्यास किंमत कसली? जुना खेळ निदान ‘समजले नाही’ एवढेच म्हणे, आपल्या अज्ञानाचा दोष खेळणाऱ्यावर टाकीत नसे. असे खेळ रचणाऱ्यांनी शून्याचा प्रत्येक निकाल त्या गावच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, असे माझे मत आहे.

तरीही बॉट मी काढलेला नाही, कारण त्या मुलीचे वाक्य जुन्या खेळाने स्वीकारलेच नसते. सुरुंगाचे दहा गुणही तसेच आहेत. त्या मुलाचा तरी काय कसूर?