हत्तरगीचा टोल आणि इंजिनाचा हिशेब

नवी गाडी घ्यायची हे ठरायला आम्हाला दोन वर्षं लागली. कुठली घ्यायची हे दोन महिन्यांत ठरलं. पण तिच्यात इंजिन कुठलं, पेट्रोल की डिझेल, एवढ्या एका प्रश्नावर सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत मला गाड्यांबद्दल बरंच कळलं आणि स्वतःबद्दल एक गोष्ट कळली, जी मी कुणाला सांगणार नव्हतो. पण हे आपल्याच मंडळाचं मासिक आहे, वाचणारे निम्मे ओळखीचे आहेत, म्हणून लिहितो.

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. बीई झालो, काही वर्षं पुण्यात काढली, आणि कोरोनात घरून काम सुरू झालं ते इकडेच राहिलो. परत येण्याचं कारण सगळ्यांना एकच सांगितलं होतं: आई-आप्पा निपाणीजवळ गावी असतात, पुण्यापेक्षा बेळगाव त्यांना जवळ.

जुनी गाडी २०१३ ची, छोटी डिझेल हॅचबॅक. अजून नीट चालत होती. पण आईचे गुडघे गेल्यापासून तिला त्या खालच्या सीटवर बसता येईना आणि बसली की उठता येईना. उंच, ऐसपैस गाडी हवी होती. आधी साध्या एसयूव्ही बघितल्या, मग एक-एक पायरी चढत आम्ही बीएमडब्ल्यूच्या एक्सवनपाशी येऊन थांबलो. पन्नास लाखांच्या घरातली गाडी. हे लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं. आप्पांना खरा आकडा मी अजून सांगितलेला नाही. त्यांच्या अंदाजाने ती वीसची आहे, आणि तेवढ्यावरही ते दोन दिवस गप्प होते.

या गाडीत दोन इंजिनं मिळतात. पेट्रोलचं दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, १३६ हॉर्सपॉवर. डिझेलचं दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, १५० हॉर्सपॉवर. हॉर्सपॉवरमध्ये फार फरक नाही. खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे ओढण्याच्या ताकदीत: पेट्रोलचा २३० न्यूटन मीटर, डिझेलचा ३६०. शोरूमवाल्यांनी दोन्ही गाड्या आणून दाखवल्या आणि मी दोन्ही काकतीवरून वंटमुरीच्या घाटापर्यंत नेल्या. डिझेल घाट चढतेय हे कळतही नव्हतं. पेट्रोलला मागे पाच माणसं बसली की थोडं पाय दाबून सांगावं लागत होतं. पण गावात, सिग्नलला उभी असताना, पेट्रोल जास्त शांत वाटली.

माझा कल पहिल्यापासून डिझेलकडे होता, आणि त्याचं कारण टॉर्क नव्हतं.

आमच्या भागात पूर्वी 'इंजिन' म्हटलं की मोटारगाडी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नसे. इंजिन म्हणजे विहिरीवरचं किंवा नदीवरचं डिझेल इंजिन. आमचं वेदगंगेच्या काठावर होतं, पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं. थंडीत पहाटे आप्पा हँडल मारायचे, मी शेजारी बॅटरी धरून उभा. दोन-तीनदा नुसती धाप लागायची, मग एकदम धूर आणि तो धडधड आवाज, जो पार गावात ऐकू यायचा. आई चुलीपुढे बसून सांगायची, "झालं बघ चालू." त्या पाण्यावर तंबाखू आणि पुढे ऊस पिकला, आणि त्या उसावर माझी फी भरली गेली.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, शाखा कुठलीही असो, आम्हाला मेकॅनिकलचा एक विषय असायचा. त्यात समजलं की त्या इंजिनाला स्पार्क प्लग का नव्हता. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये हवाच इतकी दाबतात की ती तापते, आणि इंधन आत फवारलं की आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनीअरने असं चालणारं इंजिन १८९७ मध्ये करून दाखवलं. आणि ज्या किर्लोस्करांचं नाव आपल्याकडे शेतावरच्या इंजिनाला पर्यायी शब्द झालं, त्या लक्ष्मणरावांनी उद्योगाची सुरुवात आपल्या बेळगावातच केली, १८८८ मध्ये, सायकलच्या दुकानापासून. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. हे वाचलं तेव्हा उगाच अभिमान वाटला होता.

तर डिझेल हे माझ्या डोक्यात आप्पांचं इंधन होतं. पण असं कुणाला सांगता येत नाही, म्हणून मी एक्सेल शीट उघडली.

शीट साधी होती. डिझेलची गाडी घेताना साधारण दोन लाखांनी महाग. त्यावर कर आणि विमा धरून अडीच लाखांचा फरक. पेट्रोल लिटरला १०३ रुपये आणि गाडी देणार बारा किलोमीटर, डिझेल ९१ रुपये आणि देणार सोळा, असे आकडे मी धरले. म्हणजे किलोमीटरमागे डिझेलला जवळजवळ तीन रुपये वाचतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चाललो तर त्रेचाळीस हजार वाचले, सहा वर्षांच्या आत फरक फिटला. झालं, डिझेल!

सीमाभागात असल्यामुळे एक वेगळा सल्लाही मिळाला. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, पेट्रोल असो वा डिझेल. महाराष्ट्रात पेट्रोलला १३, डिझेलला १५. "कोल्हापूरच्या मामांच्या पत्त्यावर एमएच-०९ करून टाक की," असं तीन जणांनी सांगितलं. पन्नास लाखांच्या गाडीवर हा फरक केवढा होतो ते तुम्हीच काढा. पण राहायचं इथे आणि नंबर तिकडचा, म्हणजे प्रत्येक नाकाबंदीला पोटात गोळा. केए-२२ च घ्यायचं ठरवलं.

मग आतेभाऊ आला. तो उद्यमबागला एका फाउंड्रीत आहे. तिथे इंजिनाचे ब्लॉक ओततात, त्यामुळे तो गाडीच्या बाहेरच्या रंगाकडे बघतच नाही. त्याने शीट बघितली आणि विचारलं, "गाडी रोज कुठं चालणार?"

"इथंच. मुलीची शाळा, बाजार, कधी कॅम्प."

"म्हणजे चार किलोमीटर जायचं, चार यायचं. मग डिझेल घेऊ नकोस."

त्याने जे समजावलं ते सगळ्यांनाच उपयोगी आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम आले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक बारीक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. काजळी त्यात अडकते, म्हणून आता डिझेल गाड्या काळा धूर सोडत नाहीत. पण अडकलेली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी धूर चांगला तापायला हवा. हायवेला एका लयीत पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की ती आपोआप जळते. गावातल्या गावात चार-चार किलोमीटर फिरलं तर इंजिन धड तापतच नाही, जाळी भरत जाते, दिवा लागतो, आणि शेवटी खर्च येतो. आमची २०१३ ची गाडी हे सगळं नसलेल्या जमान्यातली, तिच्यावरून अंदाज बांधायचा नाही.

मी म्हणालो, "पण आम्ही निपाणीला जातोच की. पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, सगळा हायवे. महिन्यातून दोनदा तरी. जाळी तिथं साफ होईल."

बायको चहा घेऊन आली होती. ट्रे ठेवता ठेवता ती म्हणाली, "दोनदा? किती वेळा गेलाय ओ तुम्ही?"

मी वाद घातला नाही. आकड्यांवर पोट भरणारा माणूस मी. बेळगावहून निपाणीला जायचं तर हत्तरगीचा टोल लागतोच, आणि फास्टॅगमध्ये प्रत्येक नोंद असते. मी फोनवर वर्षभराचं स्टेटमेंट काढलं.

हत्तरगीला बावीस नोंदी. म्हणजे जाऊन-येऊन अकरा फेऱ्या. चला, महिन्याला जवळजवळ एक तरी, असं म्हणणार होतो. मग कोगनोळीच्या टोलवरही नोंदी दिसल्या. कोगनोळी निपाणीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. अकरातल्या चार फेऱ्या पुण्याच्या होत्या. वेळा बघितल्या. हत्तरगीनंतर तासाभरात कोगनोळी. म्हणजे चारही वेळा जाताना आणि येताना मी संकेश्वर ओलांडलं, तवंदीचा घाट उतरलो आणि चढलो, आणि निपाणीवरून सरळ निघून गेलो. गाव हायवेपासून सात-आठ किलोमीटर आत आहे. आठ वेळा मी तिथून गेलो आणि वळलो नाही.

उरल्या सात. त्यातल्या दोन लग्नाच्या, एक गणपतीची, एक आईला डॉक्टरकडे आणण्याची.

सर्व्हिसची बिलं काढली. वर्षभरात गाडी सात हजार शंभर किलोमीटर चालली होती. पंधरा हजार हा आकडा मी कुठून आणला होता, मलाच कळेना. तो बहुधा मी ज्या मुलाला ओळखत होतो, म्हणजे पुणं सोडून आई-बापाजवळ राहायला आलेला मुलगा, त्याचा आकडा होता. शीटमध्ये सात हजार भरले. डिझेलचा फरक फिटायला बारा वर्षं.

आतेभाऊ काही बोलला नाही. बायकोही नाही. चहा निवला होता.

पुढच्या रविवारी गावाला गेलो. आप्पांना सगळं सांगितलं, फास्टॅग सोडून. जाळीचं त्यांना लगेच समजलं. ते मला गोठ्यामागच्या खोपीत घेऊन गेले. आमचं जुनं इंजिन तिथे अजून आहे, पोत्याखाली. विजेची मोटर आल्यावर ते बाजूला ठेवलं होतं. पुढे एकदा लाइट गेली म्हणून चालू करायला गेले तर हँडल फिरेना, पिस्टन जाम.

"चालवून न्हाई मेलं हे," आप्पा म्हणाले. "उभं राहून मेलं. अठरा वर्सं रात्रंदिवस पळालं, कायबी झालं न्हाई. दोन वर्सं ठेवलं, खलास."

मी मान डोलावली. ते इंजिनाबद्दलच बोलत होते, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांना आडून बोलायची सवय नाही.

मग त्यांनी विचारलं, पेट्रोलचं काय वाईट आहे. मी सांगितलं, वाईट काही नाही, पण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने ॲव्हरेज थोडं कमी पडतं. इथेनॉल कशापासून करतात, असं त्यांनी विचारलं. मका, तांदूळ, आणि आपल्याकडे मुख्यतः ऊस, असं मी म्हणालो.

"म्हंजे कारखान्याला आपण घालतोय तो?"

"तोच."

"मग काय इचार करतोस? माझा ऊस जाळ की लेका!"

आई आतून हसलेली ऐकू आली. गाडी पेट्रोलची घेतली.

विजेच्या गाडीचं का नाही, असं काही जण विचारतात. चांगली आहे, बेळगाव-निपाणी ती सहज करते. पण गावाकडची लाइट कधी असते, कधी नसते, आणि आईला रात्री-अपरात्री आणायची वेळ आली तर चार्जिंगचा विचार मला नको होता. अजून पाच वर्षांनी कदाचित उत्तर वेगळं असेल.

दसऱ्याला गाडी आली. आईला तिच्यात नीट बसता येतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. फास्टॅगचा वर्षाचा पासही घेतला. तीन हजार रुपयांत दोनशे टोल. ॲपमध्ये किती वापरले तो आकडा दिसतो. मी ठरवून काही केलं नाही, नवस बोललो नाही की कॅलेंडरवर खुणा केल्या नाहीत. पण तो आकडा दिसतो, आणि शुक्रवारी रात्री मी तो बघतो.

सात महिने झाले. परवा पहिल्या सर्व्हिसची तारीख बघायला बायकोने गाडीतले किलोमीटर वाचले. आठ हजार दोनशे. तिने मनातल्या मनात हिशेब केला, वर्षाला चौदा हजार.

"डिझेलच घ्यायला पाहिजे होतं की ओ," ती म्हणाली.

माझी शीट चुकली. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, पुढच्या वेळी येताना पंपावर टाकी भरूनच ये, उसाला बिल बरं मिळंल.