शांतिनिकेतन : प्रत्येकाचे आपले आसन

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर स्थानकापासून थोड्याच अंतरावर शांतिनिकेतनचा परिसर सुरू होतो. तांबडी माती, पावसाने तिच्यात कोरलेल्या घळी आणि साल, आंबा, सातविणीची दाट सावली. १८६३ मध्ये महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी ध्यानचिंतनासाठी ही जागा घेतली, तेव्हा या उजाड माळावर सातविणीची दोनच झाडे होती, असे सांगतात. २०२३ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून गौरविला.

रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये येथे शाळा काढली, ती अवघ्या पाच विद्यार्थ्यांसह. शाळेच्या चार भिंतींचा जाच त्यांनी बालपणी स्वतः सोसला होता. म्हणून येथील पाठभवनाचे वर्ग वृक्षांखाली भरू लागले, आणि ती परंपरा आजही टिकून आहे. मुले आपापले आसन अंथरून गुरूंसमोर बसतात. गणित आणि भाषा यांच्या जोडीला चित्र, संगीत व नृत्य यांनाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान आहे.

परंतु झाडाखाली बसविल्याने कोणाचे गुण आपोआप फुलत नाहीत. या शिक्षणाची खरी कसोटी पाहावयाची असेल, तर हिंदी भवनात जावे. तेथील भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र आहे. कबीर, सूरदास, तुलसीदास आणि त्यांच्याभोवतीचा जनसमुदाय एखाद्या नदीप्रमाणे भिंतीवरून वाहत जातो. १९४६-४७ मध्ये हे चित्र रंगविणारे बिनोदबिहारी मुखर्जी जन्मापासून एका डोळ्याने अधू होते आणि दुसऱ्या डोळ्यालाही फार अंधुक दिसे.

हा मुलगा कलाभवनात आला तेव्हा आचार्य नंदलाल बोस यांना साहजिकच चिंता वाटली. ज्याला नीट दिसत नाही, तो चित्रकला कशी शिकणार? तेव्हा रवींद्रनाथांनी सांगितले, की तो नेमाने आपल्या जागी बसून मन लावून काम करत असेल, तर त्याला अडवू नये. त्यांनी मुलाच्या यशाची ग्वाही दिली नाही, केवळ त्याची जागा राखून ठेवली. पुढे शस्त्रक्रियेनंतर बिनोदबिहारींची दृष्टी पूर्णपणे गेली, तरी त्यांची निर्मिती थांबली नाही. त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला.

कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचे ‘संथाळ कुटुंब’ हे १९३८ चे शिल्प आहे. बांकुड्याच्या एका सामान्य घरातील हा तरुण १९२५ मध्ये येथे आला. त्याचे सिमेंट आणि मुरमाचे रांगडे शिल्प नंदलालबाबूंच्या संयत रेषेहून अगदी निराळे आहे. एकाच गुरूंच्या हाताखाली असे दोन भिन्न कलावंत घडले, कारण गुरूंनी शिष्यांत आपली प्रतिकृती शोधली नाही.

येथे वयाचीही अट नसावी. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी येथे येऊन राहिले, हे ‘वंगचित्रे’च्या मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

प्रवाशांनी एवढे लक्षात ठेवावे, की येथे परंपरेने साप्ताहिक सुटी रविवारी नसून बुधवारी असते, आणि आश्रमाच्या अंतर्भागात प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत. ज्या घरात मुलाचा कल आणि गुणपत्रिका यांचा मेळ बसत नाही, त्या घरातील आईवडिलांनी हिंदी भवनाच्या त्या भिंतीपुढे मुलासह थोडा वेळ अवश्य उभे राहावे. मूल पुढे काय होईल, हे कोणत्याही गुरूला वा पालकाला आधी कळत नाही. ते मन लावून करत असलेल्या कामावरून त्याला उठवू नये, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.