तंजावरची कॉफी

तंजावरला मी गेलो तो सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहायला. परतताना टिपणांच्या वहीबरोबर एक पितळी फिल्टर घेऊन आलो. घरच्या मंडळींच्या मते या प्रवासाचे खरे फलित तेवढेच!

आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर आणि पूड एकत्र उकळायची, वर जायफळ किसायचे. कॉफीला स्वतःचाही वास असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली सरफोजीराजांनी कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. त्यातली अक्षरे लावीत उभा होतो, तोच मागून प्रश्न आला, "मराठी काय आपण?" प्रश्न विचारणारे गृहस्थ तिथलेच. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात इथे राज्य स्थापले, त्या काळी त्यांचे पूर्वज आलेले. राज्य १८५५ साली खालसा झाले. भाषा मात्र काही घरांतून राहिली. त्यांनी मला आग्रहाने घरी नेले.

त्यांच्या मातोश्री स्वयंपाकघरात कॉफीच्या तयारीत होत्या. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके. आजींनी त्यात ताज्या दळलेल्या कॉफीचे तीन शिगोशीग चमचे घातले. पुडीत शंभराला वीस भाग चिकोरी. वर दांडीची चकती ठेवून ती हलकेच दाबली. उकळी आलेले पाणी खाली उतरवून, क्षणभर थांबून, बारीक धारेने ओतले आणि झाकण लावले.

"फार दाबली तर पाणी अडते, सैल सोडली तर भसकन् उतरते," त्या म्हणाल्या. "आता वीस मिनिटे बसा, मास्तर."

एवढ्यात शाळकरी नातू आला आणि तमिळमध्ये काही बोलू लागला. आजींनी नुसते फिल्टरकडे बोट दाखविले. पोरगा थबकला आणि अडखळत मराठीत शाळेची हकीकत सांगू लागला. त्या घरचा नियमच होता : अर्क उतरेपर्यंत स्वयंपाकघरात मराठी! आजी चुका काढीत नव्हत्या. राहिलेला शब्द तेवढा हळूच पुरवीत होत्या.

मग खालच्या भांड्यातला काळाभोर अर्क एक भाग आणि नुकतेच उकळलेले, पाणी न घातलेले दूध तीन भाग, अशी कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून फेसाळली. अर्क पुन्हा विस्तवावर ठेवायचा नाही, ही सक्त ताकीद. तो पहिला घोट मी अजून विसरलो नाही.

घरी आल्यावर तोच नियम लावला. आमची कन्या इंग्रजी शाळेत जाते. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात उत्तरे इंग्रजीत मिळतात, हे दुःख कुणाला सांगावे? पहिल्या रविवारी अर्काचे थेंब तेवढे ऐकू येत होते. बाकी सगळे गप्प! दुसऱ्या रविवारी मीच माझ्या लहानपणीची एक फजिती सांगितली, तेव्हा कुठे ती हसली.

परवा फिल्टर तिने स्वतःच पुढे ओढला.

"बाबा, आज जरा घट्ट दाबू?"

"का गं? अर्क उतरायला वेळ लागेल."

"लागू दे की. मला आज पुष्कळ सांगायचंय!"